फोटोत भारी, वापरताना भारी पडणारं: घराच्या इंटिरियरमध्ये नेमकं चुकतं कुठे?

माझ्या मावशीने पिंपरी-चिंचवडमध्ये फ्लॅट घेतला. ताबा मिळाला, वास्तुशांत झाली आणि लगेच इंटिरियरचं काम काढलं. किचनच्या ट्रॉल्या करताना तिने सुताराला एकच प्रश्न विचारला होता, "पाण्याने खराब नाही ना होणार?" त्याने प्लायवर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "ताई, वॉटरप्रूफ आहे. दहा वर्षं बघायला नको."

दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाचं दार लागेना. वाकून बघितलं तर खालच्या फळीचे पापुद्रे सुटलेले, सनमायका उचललेला आणि आत कुबट वास. सिंकच्या पाइपला बारीक गळती होती. इतकी बारीक, की महिनाभर कुणाला कळलीच नाही.

मग जुनं बिल शोधलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, 'एमआर ग्रेड'. एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. दमट हवा सहन करणारा प्लाय. साचलेलं पाणी सहन करणारा नाही. हाच प्लाय बेडरूमच्या कपाटाला लावला असता तर कदाचित खरंच दहा वर्षं बघावं लागलं नसतं.

इंटिरियरमधल्या बऱ्याच पश्चात्तापांची गोष्ट अशीच असते. वस्तू वाईट नसते, पण ती जिथे लावली तिथे रोज काय होणार आहे याचा विचार कुणी केलेला नसतो. त्यातले काही निर्णय फक्त खिशाला लागतात. काही मात्र थेट जिवावर बेततात, आणि त्यांच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो.

मुळात आपण भुलतो कुठे?

सुरुवात सॅम्पल फ्लॅटपासून होते. पुढच्या वेळी गेलात तर नीट बघा. बऱ्याच सॅम्पल फ्लॅटमध्ये खोल्यांना दारंच नसतात, कारण दार उघडायला लागणारी जागा दिसली की खोली लहान वाटते. बेड नेहमीपेक्षा आखूड बनवलेला असतो. भिंतीवर मोठा आरसा असतो. कपाट एक तर नसतं किंवा जेमतेम फूटभर खोल असतं, ज्यात हँगर आडवा मावत नाही.

त्यानंतर येतो थ्रीडी व्ह्यू. त्यात ओट्यावर मिक्सर नसतो, बाथरूममध्ये बादली नसते, गॅलरीत कपडे वाळत घातलेले नसतात. त्या चित्रातल्या घरात कुणी राहत नसतं, आणि आपण मात्र तेच चित्र दाखवून म्हणतो, "अगदी असंच करा."

इथे एक कायदेशीर गोष्ट माहीत असलेली बरी. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार, जाहिरात किंवा मॉडेल फ्लॅट बघून तुम्ही पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघाल्यामुळे तुमचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. म्हणून सॅम्पल फ्लॅटचे फोटो आणि मापं स्वतः घेऊन ठेवा. पण हे झालं बिल्डरचं. इंटिरियरचं काम आपण स्वतः देतो, तिथे डोळे आपलेच उघडे हवेत.

'वॉटरप्रूफ' या शब्दाचा घोळ

लाकूडकामात बाजारात तीन शब्द ऐकू येतात. एमआर, बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपी. एमआर कोरड्या खोल्यांसाठी. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला काही काळ दाद न देणारा. बीडब्ल्यूपी त्याच्याही पुढचा, ज्याला आपण मरीन प्लाय म्हणतो. मरीन प्लायचं भारतीय मानक आहे आयएस ७१०, आणि त्याच्या चाचणीत प्लायचे तुकडे तब्बल ७२ तास पाण्यात उकळतात. तिन्हींची किंमत अर्थातच वेगळी असते आणि वर सनमायका चिकटवला की तिन्ही सारखेच दिसतात. घोळ तिथेच होतो. म्हणून सनमायका लागण्याआधी, माल उतरला त्या दिवशी प्रत्येक शीटवरचा शिक्का बघायचा आणि मोबाइलमध्ये फोटो काढायचा.

रेडिमेड फर्निचरमध्ये प्लायही नसतो बऱ्याचदा. तिथे असतो पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिपा गोंदात दाबून केलेली फळी. टीव्ही युनिटला, पुस्तकांच्या छोट्या रॅकला ठीक आहे. पण कडेची पट्टी एकदा उघडी पडली आणि पाणी लागलं, की तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगतो आणि परत मूळ आकारात येत नाही. रोज फडक्याने फरशी पुसणाऱ्या घरात जमिनीला टेकलेलं पार्टिकल बोर्डाचं कपाट घेणं म्हणजे रोज थोडं पाणी पाजणंच आहे. निदान पाय असलेलं घ्या.

याच बोर्डांचा दुसरा मुद्दा वासाचा. नवीन फर्निचर आल्यावर डोळे चुरचुरतात ना? बोर्डाच्या गोंदात बऱ्याचदा युरिया-फॉर्मल्डिहाइड असतं आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याचं वर्गीकरण माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांमध्ये केलं. घाबरून सगळं फर्निचर फेकून द्या असा याचा अर्थ नाही. बोर्ड घेताना ई-० किंवा ई-१ दर्जा विचारा, आणि काम झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून घर काही आठवडे मोकळं राहू द्या. शुक्रवारी पॉलिश आणि रविवारी तान्ह्या बाळासकट गृहप्रवेश, हे मात्र नको.

आणि जाता जाता, आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली काय असायचं? कडप्पा. आंध्रातल्या कडप्याचा काळा चुनखडीचा दगड. काळा, जड, दिसायला काहीच नाही. पण सिंक गळलं तरी त्याला फरक पडायचा नाही. किचन 'मॉड्युलर' करताना आपण पहिली कुऱ्हाड त्याच्यावर चालवतो.

ओटा कुणाच्या मापाचा?

पांढऱ्या ओट्याची सध्या फार क्रेझ आहे. त्यात संगमरवर घेतला तर अडचण रसायनशास्त्राची आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचं आम्लाशी पटत नाही. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यापैकी काहीही सांडलं तर पृष्ठभाग खाल्ला जातो आणि निस्तेज डाग राहतो. हा डाग घासून जात नाही, कारण तिथला दगडच गेलेला असतो. आमटीत आमसूल घालणाऱ्या घरात हा दगड किती दिवस पांढरा राहील, तुम्हीच ठरवा. ग्रॅनाइट यात कितीतरी कणखर.

दुसरा पर्याय क्वार्ट्झचा, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झची भुकटी आणि बाकी रेझिन असतं. डाग कमी पडतात हे खरं, पण रेझिनमुळे तापलेली कढई थेट ठेवली तर डाग उमटू शकतो. खरा प्रश्न मात्र आपल्या घराबाहेरचा आहे. हा दगड कापताना सिलिकाची अतिशय बारीक धूळ उडते. ती फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियात हा ओटा बसवणारे तरुण कामगार एवढ्या संख्येने आजारी पडले, की १ जुलै २०२४ पासून तिथे अशा दगडाच्या वापरावर बंदी आली. आपल्याकडे सिंकचं भोक पाडायला कारागीर गॅलरीत बसतो, तोंडाला रुमाल बांधतो आणि कोरडं ग्राइंडर चालवतो. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतो, फक्त कमी. दगड कोणताही असो, पाणी मारत कापायला सांगा आणि साधा रुमाल नाही तर खरा मास्क द्या. त्या माणसाच्या आयुष्यात तुमचा ओटा एकच नसतो.

ओट्याच्या उंचीचंही तसंच. बिल्डर सगळ्यांना एकाच मापाचा ओटा देतो. साधा नियम असा, की उभं राहून कोपर वाकवलं की ओटा कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली यावा. पाच फूट उंचीच्या आईला आणि पावणेसहा फूट उंचीच्या मुलाला एकच ओटा सोयीचा होणार नाही. घरात पोळ्या कोण लाटतं? माप त्या माणसाचं घ्या.

हे माप घेऊन किचन बनवायची कल्पना नवी नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी एक किचन बनवलं. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ इथे सापडतं. आकार फक्त १.९ मीटर बाय ३.४ मीटर. बाईंनी स्वयंपाक करताना किती पावलं पडतात, हात कुठे कुठे जातो हे मोजलं होतं. बसून काम करायला स्टूल होतं. पिठाचे डबे ओक लाकडाचे होते, कारण त्यामुळे अळ्या लागत नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीची आज आपण फक्त चकचकीत दारं उचलली, तिचा जन्मच मुळी रोजच्या कामाच्या निरीक्षणातून झाला होता.

ओपन किचन आणि फोडणी

त्या फ्रँकफर्ट किचनला बैठकीच्या खोलीकडे उघडणारं एक सरकतं दारही होतं. बाईला स्वयंपाक करता करता मुलांकडे लक्ष देता यावं म्हणून. हवं तेव्हा उघडा, हवं तेव्हा बंद करा. आपण ओपन किचन करताना नेमकं हे दारच काढून टाकलं.

ओपन किचनचे फायदे आहेत, नाही असं नाही. स्वयंपाक करणारी व्यक्ती एकटी पडत नाही, हा मला त्यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पण सुक्या बोंबलाचा वास, मिरचीचा ठसका आणि तेलाचा बारीक थर या तिन्ही गोष्टींना भिंत लागते. चिमणी लावू म्हणाल, तर आधी बघा की तिची नळी बाहेर काढायला जागा आहे का. नळी नसलेल्या चिमण्या हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत त्याच खोलीत सोडतात. तेल आणि वास थोडा अडतो, पण उष्णता आणि वाफ घरातच राहते. नळी आहे पण तिला तीन-चार वळणं आहेत, तर आवाज भरपूर आणि ओढ कमी. सरकतं काचेचं दार हा मधला मार्ग अजूनही उत्तम आहे.

आणि भिंत पाडण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा, इमारत कोणत्या पद्धतीने बांधली आहे? पुण्या-मुंबईतले कितीतरी नवे टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेले आहेत. साइटवर याला सरसकट 'मायवान' म्हणतात. यात आतल्या बऱ्याच भिंती विटांच्या नसून आरसीसीच्या असतात आणि इमारतीचं वजन त्याच पेलतात. जुन्या इमारतीत मधली भिंत पाडली तसं इथे करता येत नाही. वायरसाठी खोल खाच मारतानाही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं लागतं. सुताराला किंवा डेकोरेटरला विचारून हा निर्णय घ्यायचा नसतो.

फॉल्स सीलिंग

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट हवी. त्यातून सीलिंगने सहा-आठ इंच खाल्ले की खोली बुटकी होते. पंख्याच्या पात्यांच्या वर साधारण फूटभर मोकळी जागा लागते, नाहीतर पंखा फिरतो पण वारा लागत नाही. वरच्या मजल्यावरून गळती झाली तर पीओपीवर डाग येईपर्यंत पत्ता लागत नाही. बैठकीत कडेने हवं तर करा. बाथरूममध्ये वरच्यांचे पाइप झाकायला करत असाल तर उघडता येणारं पॅनेल ठेवा. बाकी त्या पैशांत किचनच्या ओट्यावर एक चांगला दिवा लावा. खोलीच्या मधोमध एकच दिवा असला की भाजी चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते.

सगळ्यात धोकादायक खोली कोणती?

बाथरूम. इथे मात्र सावकाश वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी पडल्यामुळे सुमारे ६ लाख ८४ हजार लोकांचा मृत्यू होतो. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर याचाच नंबर लागतो, आणि सर्वाधिक जीव जातात ते साठीच्या पुढच्या लोकांचे. आपण मात्र बाथरूमला आरशासारखी चकचकीत टाइल लावतो, कारण 'खोली मोठी दिसते'.

दुकानदार 'अँटी-स्किड आहे' म्हणतो तेव्हा काय विचारायचं? टाइलच्या घसरणीचे दर्जे असतात. आर-९ ते आर-१३ हा त्यातला नेहमी ऐकू येणारा. आकडा जेवढा मोठा तेवढी पकड जास्त. पण त्याची चाचणी बूट घातलेल्या पायांसाठी असते. ओल्या अनवाणी पायांसाठी ए, बी, सी असे वेगळे दर्जे आहेत आणि त्यात सी सगळ्यात सुरक्षित. दुकानात यातलं काहीच कळलं नाही तर सोपा उपाय, टाइलवर साबणाचं पाणी ओता आणि चप्पल काढून पाय ठेवून बघा. दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

दुसरी गोष्ट दाराची. आपल्याकडे बाथरूमचं दार आत उघडतं. आत कुणी चक्कर येऊन दाराशी पडलं, तर बाहेरून दार ढकलताच येत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा, आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी लावा. कमोडशेजारी धरायला दांडा लावताना तो भिंतीत पक्का बसवलेला हवा. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन घेत नाही, पण तोल गेला की हात नेमका त्यालाच जातो.

काचेच्या पार्टिशनचं म्हणाल, तर ती टफन्ड काचेचीच घ्या. ती फुटली तर धारदार लांब तुकड्यांऐवजी बारीक दाणे होतात. आता बोअरवेल आणि टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग रोज कोण पुसणार, हा मुद्दा घरातल्या घरात आधीच मिटवून घ्या.

आता गॅस गिझर. पुणे, नाशिक आणि इतर शहरांत हे घरोघरी दिसतात, कारण वीज लागत नाही आणि पाणी लगेच तापतं. अडचण गिझरपेक्षा त्याच्या जागेत आहे. जळताना तो हवेतला ऑक्सिजन घेतो, आणि ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गरगरतं, हातपाय ढिले पडतात आणि दार उघडायचं भानही राहत नाही. आंघोळ करताना असे मृत्यू महाराष्ट्रात झालेले आहेत. आणि इंटिरियर करताना आपण काय करतो? बाथरूमची खिडकी बाहेरून वाईट दिसते म्हणून पॅनेलने बंद करतो आणि गिझर कपाटात लपवतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. नवीन पाइप टाकायचा खर्च येतो. तो करा.

आणि शेवटी ग्रिल

चोर आणि कबुतरं या दोघांच्या भीतीने आपण घराच्या प्रत्येक खिडकीला बॉक्स ग्रिल ठोकतो. वर कुंड्या ठेवायलाही जागा होते. पण आग लागली आणि मुख्य दाराकडे धूर असला, तर बाहेर पडायला किंवा अग्निशमन दलाला शिडी लावून आत यायला तीच खिडकी उरते. म्हणून निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारा दरवाजा हवा, मोठा माणूस बाहेर पडेल एवढा. त्याला कुलूप लावलं तर किल्ली त्याच खोलीत, मुलांसकट सगळ्यांना माहीत असलेल्या जागी टांगा. ग्रिल आधीच बसलेलं असेल तर फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात तेवढा भाग कापून बिजागऱ्या लावून देतो.

मावशीच्या घरी हा दरवाजा मागच्या महिन्यात झाला. फॅब्रिकेटर आलाच होता, तर तिने त्याच्याकडून सिंकखाली स्टीलचा एक साधा स्टँडही करून घेतला आणि त्यावर कडप्पा टाकला. समोर जुनंच दार परत लावलंय. बाहेरून बघितलं तर ट्रॉलीच वाटते.